एका नावाचे दोन डबे

अनुजा रडली नाही, ही आमच्या सातेरी चाळीतली यंदाची सगळ्यात मोठी बातमी. कुशाबांनी नवे दात बसवले, तिसऱ्या मजल्यावर पहिला एसी आला, नळाची वेळ बदलली, पण या बातम्या चार दिवसांत शिळ्या झाल्या. अनुजाची मात्र अजून ताजी आहे. नवरा गेला आणि बाई रडली नाही.

हितेंद्रला हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. असायलाच हवं. मी नसते तर नंतर चाळीला नीट कोणी सांगितलं असतं? तिने आधी आत जाऊन भाताखालचा गॅस बंद केला. मग बाहेर येऊन विचारलं, "यांच्या चपला कुठायत?" एवढंच. पुढे तेराव्यापर्यंत बायका सांत्वनाला येत होत्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःच रडत होत्या, आणि जिना उतरताना एकमेकींना विचारत होत्या, की हिचं काय गं, दगड आहे की काय. मीही विचारलं. खोटं कशाला बोलू, मीच पहिल्यांदा विचारलं.

आता अनुजाबद्दल सांगायचं तर सांगण्यासारखं फार नाही, आणि म्हणूनच मला ती आवडते. चाळीतल्या बाकी सगळ्यांबद्दल मला इतकं माहीत आहे की पोटात मावत नाही. ही बाई पंचेचाळिशीची, माहेर देवगडकडचं, मूलबाळ नाही, बोलणं मोजकं. परळच्या एका डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करून मुलाकडे गेले. ते गेले आणि पाठोपाठ पावसाळ्याच्या तोंडावर हितेंद्र गेला. मग तिने घरी बसून करायचं तसलंच काम धरलं. डॉक्टर लोक एक्सरे बघून मशीनमध्ये बोलतात, ते ध्वनिमुद्रण हिच्याकडे येतं, ही कानाला हेडफोन लावून ऐकते आणि शुद्ध इंग्रजीत टाइप करून पाठवते. दिवसभर लोकांची फुफ्फुसं आणि मणके. तिचा साहेब विक्रांत नावाचा, त्याला तिने कधी समोरासमोर पाहिलेला नाही. त्याने तिला दिवाळीपर्यंत परीक्षेवर ठेवलं होतं. काम वेळेवर आणि बिनचूक आलं तर कायम, नाहीतर रामराम.

दिवाळी ही दुसऱ्याही एका माणसाने धरून ठेवली होती. तिचा दीर मालवणजवळ असतो. तो तेराव्याला आला तेव्हाच शब्द टाकून गेला होता, की वहिनी एकटी मुंबईत काय करणार, खोली भाड्याने देऊ, वहिनी गावाला येईल, आईला उठवायला-बसवायला माणूस हवंच आहे. किती प्रेमळ बोलला. नोकरी कायम झाली तर मग काही म्हणणार नाही, असंही म्हणाला. होणार नाही अशी खात्री असल्यावर माणूस असं बोलतो. अनुजाने त्याला चहा दिला. माझ्याजवळ पुढे कधीतरी भांडी विसळता विसळता म्हणाली, "काकी, मला जायचं नाही." त्या वर्षात तिने स्वतःबद्दल काढलेलं ते एकमेव वाक्य असेल. म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

आणि नेमका नवरात्रात तिचा लॅपटॉप मरायला लागला.

लॅपटॉप हितेंद्रचा होता. काम करता करता मध्येच पडदा निळा व्हायचा, त्यावर एक रडका चेहरा यायचा आणि मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. टाइप केलेलं अर्धं गेलेलं असायचं. चाळीत लगेच विषय झाला, की बाई रडत नाही म्हणून तिचा कॉम्प्युटर रडतोय. ही कोटी कोणाची ते विचारू नका.

अनुजाने लॅपटॉप पिशवीत घातला आणि लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने दिवसभर चालवून पाहिला, मशीन ठणठणीत. घरी आणला, चहा होईपर्यंत निळा. पुन्हा नेला, पुन्हा ठणठणीत. तेव्हा दुकानदार म्हणाला, की बाई, वायफायचा ड्रायव्हर बिघडला असणार, माझ्याकडे वायफाय जोडलेलंच नव्हतं. ड्रायव्हर म्हणजे काय ते तिने मला समजावलं. मशीनच्या आत हवेतलं इंटरनेट पकडणारा एक तुकडा असतो, आणि त्याचं म्हणणं मशीनला सांगणारा एक दुभाष्या असतो. तो दुभाष्या गोंधळला की तो एकटा पडत नाही, अख्खं मशीन घेऊन पडतो. मी म्हटलं, हे तर आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीसारखंच झालं. ती हसली नाही.

तिने दुभाष्या बदलला. नवा आणला, तरी निळा. जुना शोधून घातला, तो एक दिवस टिकला आणि रात्रीतून मशीनने आपणहून पुन्हा नवा घालून घेतला. मोबाईलचं इंटरनेट आमच्या दगडी भिंतीत शिरायला लाजतं. स्वतःची वेगळी वायर आणायची तर ती गॅलरीतून आणावी लागणार, आणि गॅलरी कोणाची यावरून भोईवाड्याच्या कोर्टात तारखा पडताहेत.

मग ती माझ्याकडे येऊन बसायला लागली. माझी खोली पुढच्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे लॅपटॉप सुतासारखा सरळ. तीन-चार दिवस तिने माझ्या टेबलावर फुफ्फुसं टाइप केली. मला तर घरबसल्या करमणूक. पण माझं तोंड बंद राहत नाही हा काही माझा दोष नाही, देवाने ते तसंच दिलंय. दारात कोळीण आली, मी तिच्याशी बोंबलावरून घासाघीस केली, आणि आमचं बोलणं अनुजाच्या हेडफोनमधून आरपार गेलं असावं. कुणा एका गृहस्थाच्या एक्सरेच्या रिपोर्टात उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी ओले बोंबील दिसत असल्याची नोंद कंपनीकडे गेली. विक्रांतचा फोन आला. ओरडला नाही म्हणे, फक्त म्हणाला, की मॅडम, आता आणखी एकदा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि दुसऱ्याच्या घरी बसून पेशंटचे रिपोर्ट करायचे नाहीत, हेही सांगितलं.

मी तिला सॉरी म्हटलं. तिने लॅपटॉप मिटला, माझ्या टेबलावरचा स्वतःचा कप विसळून ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आता इथे थोडं मागे जाऊन आमच्या मंडळाचं सांगावं लागेल, कारण रोग तिथे होता.

सातेरी चाळीला दोन गॅलऱ्या. पुढची डिलाईल रोडकडे, मागची आतल्या चौकाकडे. गणपतीचा मांडव पुढच्या अंगणात, आणि बाप्पाचं तोंड रस्त्याकडे. मागची माणसं जिना उतरली की त्यांना पहिली दिसते ती मखराची पाठ. दरवर्षी कोणीतरी मागचा तावातावाने म्हणायचा, की आमच्या आज्यापासून आम्ही बाप्पाची पाठच बघतोय. दरवर्षी कुशाबा म्हणायचे, की देवाक पाठ नसता. कुशाबा म्हणजे पुढच्यांचे पुढारी, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, गिरणी गेली पण जॉबरकी राहिली. मागच्यांचा पुढारी दगडू, केबलचा धंदा करतो, पन्नाशीला आला तरी अंगात युवक मंडळ.

या दोघांना हितेंद्रने शांत ठेवलं होतं. कामाला होता रंगाच्या कंपनीच्या गोदामात, पण चाळीतल्या सगळ्या वायरी त्याच्या हातात. माइक, माळा, सगळं. चाळीला फुकट वायफायही त्यानेच मंडळातर्फे आणलं. भिंतीवर एक डबा ठोकला, त्याचं नाव ठेवलं 'सातेरी चाळ', आणि पासवर्ड शेंबड्या पोरांनाही पाठ. मग त्याने बाप्पापुढे एक कॅमेरा लावला आणि मागच्या गॅलरीत टीव्ही. मागच्यांना बाप्पाचं तोंड चोवीस तास. पाठीचं भांडण मिटलं.

यंदा हितेंद्र नव्हता. गणपतीत तो टीव्ही काही लागेना. दगडूने धडपड केली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. मागची माणसं दहा दिवस त्या मुंग्या बघत बसली, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वेगळी झाली. मंडळं दोन झाली, पण नाव? दोघांचंही तेच. कारण खरं मंडळ आपणच, दुसरा तो फुटीर. दगडूने मागच्या भिंतीवर स्वतःचं इंटरनेट आणून नवा डबा ठोकला आणि त्यालाही नाव दिलं 'सातेरी चाळ'. पासवर्डही तोच. का बदलायचा? वारसा आमचा.

अनुजाची खोली टोकाची. दार पुढच्या गॅलरीत, खिडकी मागच्या. म्हणजे तिच्या घरात दोन्ही मंडळांची सत्ता.

हे तिला कळलं कसं, तर एका दुपारी मागच्या बाजूचा फ्यूज उडाला. पंखे बंद, टीव्ही बंद, मागे दगडूच्या नावाने शिमगा. मी अर्थात ऐकायला टोकापर्यंत गेले. अनुजा आपल्या खोलीत टाइप करत होती. आपल्या खोलीत. मी दारात उभी राहिले, ती बोटं चालवत राहिली, पडदा पांढराच्या पांढरा. बऱ्याच वेळाने मागे फ्यूज बसला, पोरांनी आरोळी ठोकली, "आलीऽऽ!", आणि ती आरोळी संपायच्या आत तिचा पडदा निळा झाला.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग मागच्या खिडकीतून दगडूच्या डब्याकडे. मग दारातून पुढच्या डब्याकडे.

"काकी," ती म्हणाली, "याला वाटतं हे दोन्ही एकच आहेत."

पुढचं तिने डॉक्टरांच्या रिपोर्टच्या चालीवर सांगितलं, आधी काय दिसलं, मग त्यावरून काय वाटतं, मग काय करावं. मशीनला नाव एकच दिसतं. पुढचा डबा जरा जोरात झाला की ते पुढे जातं, मागचा झाला की मागे. दोन घरं वेगळी आहेत हे त्याला ठाऊकच नाही, आणि या उडीत त्या दुभाष्याचा पाय घसरतो. एका डब्याचं नाव बदललं की झालं. बाकीच्यांची मशीनं नवी आहेत, ती सांभाळून घेतात. हितेंद्रचं जुनं आहे.

ती हे सांगत होती तेव्हा मला जे सुचलं ते तिला सुचलं नसेल असं नाही. हितेंद्र असता तर टीव्ही लागला असता, टीव्ही लागला असता तर फूट पडली नसती, आणि मग दुसरा डबा कशाला आला असता? पण ती त्यातलं काही म्हणाली नाही. साडी सारखी केली आणि कुशाबांकडे गेली.

कुशाबांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगो बाय, तुझ्यासाठी जीव देईन. पण नाव आमच्या बापजाद्यांनी ठेवलेला, ता मी कसा बदलू? दगडूक सांग." ती दगडूकडे गेली. दगडूनेही बसवलं, थंड मागवलं. वहिनी, तुम्ही बोलाल ते करू, म्हणाला, पण हा प्रिन्सिपलचा मामला आहे. नाव बदललं की कोर्टात ते म्हणणार, बघा, यांनीच मान्य केलं. आधी म्हाताऱ्याला बदलायला सांगा.

मी तिला सरळ मार्ग सांगितला. म्हटलं, अगं, कुशाबांसमोर दोन टिपं गाळ. म्हातारा विरघळेल. चाळ नाहीतरी कधीची वाट बघतेय.

"येत नाही, काकी," ती म्हणाली. जसं कोणी म्हणावं, मला पोहता येत नाही.

विक्रांतने शनिवारी मोठं काम देणार म्हणून कळवलं होतं. ते नीट झालं तर कायम. मालवणहून दिराचाही फोन येऊन गेला, खोलीला गिऱ्हाईक मिळालंय म्हणे. असं सगळं जुळून आल्यावर माझ्यासारखीने हातावर हात ठेवून बसावं? सकाळी दुधाच्या वेळी मला कुशाबा भेटले. मी सहज म्हटलं, की भावजी, ऐकलंत का, मागचे म्हणे त्यांच्या वायफायला हितेंद्रचं नाव देताहेत. जन्मभर राबला पुढच्या मंडळासाठी, आणि त्याचं नाव लावलं कोणी, तर मागच्यांनी. कुशाबांचे नवे दात करकरले. मला बरं वाटलं. पण म्हातारा विसरभोळा, म्हणून खबरदारी म्हणून संध्याकाळी दगडूलाही तेच सांगितलं, फक्त पुढच्या-मागच्यांची अदलाबदल करून. एक नाही तर दुसरा तरी हलेल, एवढाच माझा साधा हिशेब.

शुक्रवारी सकाळी अनुजा माझ्या दारात आली. लॅपटॉप उघडाच, दोन्ही हातांवर, ताट धरावं तसा.

"वायफायच्या यादीत 'हितेंद्र' आलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बघ. माणसं इतकी वाईट नसतात."

"जोडलं. निळा झाला."

दोघंही हलले होते. दोघांनी एकाच रात्रीत, एकमेकांच्या आधी नंबर लावायचा म्हणून, आपापल्या डब्याला हितेंद्र करून टाकलं होतं. पासवर्ड अर्थातच तोच.

मी काही बोलायच्या आत ती जिना उतरली. नळाची वेळ. पुढचे-मागचे सगळे बोळात कळशा घेऊन उभे, कुशाबा आणि दगडूही, दोघांच्याही चेहऱ्यावर आपण काहीतरी थोर केल्याचा भाव. ती येताना दिसली तशा बायका बाजूला झाल्या. मला ठाऊक आहे त्यांना काय वाटलं. मलाही वाटलं. आता रडेल. नवऱ्याचं नाव यादीत बघितलंय, आता धरण फुटणार.

ती मध्ये उभी राहिली. आवाज चढवला नाही, म्हणून सगळ्यांनी नळ बंद केला.

"माणूस एक होता," ती म्हणाली. "दोन जागी ठेवू नका, चालत नाही. कुठे ठेवायचा ते तुम्ही दोघं ठरवा आणि मला दुपारपर्यंत कळवा. उद्या माझं काम आहे."

कुरियरवाल्याला पत्ता सांगावा तसं. आणि वर आली.

दगडू खालमानेने पायाने पाणी ढकलत होता. एक बाई रडायला लागली, तिला गप्प केलं. मी गॅलरीतून वाकून बघत होते आणि पहिल्यांदाच मला कुणी वर बघून विचारू नये असं वाटत होतं, की काकी, तुम्हीच ना सांगितलंत?

शेवटी कुशाबा बोलले. "मागे ऱ्हवांदे त्येका," ते दगडूला म्हणाले. "तुमका बाप्पाची पाठच दिसता."

दगडूने मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "तुमचं जुनं नाव तुम्ही लावा, बाबा. आम्ही नाय मागणार." कोर्टात याचा काय अर्थ निघेल याचा विचार त्या वेळी दोघांनीही केला नाही. नंतर केला, आणि तारखा चालूच आहेत.

शनिवारी अनुजा दार लोटून बसली ती संध्याकाळी उठली. मी आत गेले नाही. कोळिणीला जिन्याखालीच गाठलं आणि खुणेने भाव केला. विक्रांतचं पत्र सोमवारी आलं. तिने दिराला फोन लावला, म्हणाली, नोकरी कायम झाली, खोली द्यायची नाही, आईंच्या औषधांचे पैसे मी पाठवत जाईन. पलीकडून तो बरंच बोलला असावा. ती "हो" म्हणत राहिली आणि मग फोन ठेवून तांदूळ निवडायला बसली.

मी तिच्या बाजूला बसले. म्हटलं, "आता तरी बरं वाटतंय ना?"

तिने विचार केला. खरंच केला, माझ्यासाठी. "काम होतंय," म्हणाली.

मागचा फ्यूज अजूनही उडतो. दगडू तो नीट करून घेत नाही, कारण मीटर कोणाचं याचाही वाद आहे. फ्यूज उडाला की तिच्या यादीतून 'हितेंद्र' जातं. यादीत 'सातेरी चाळ' असतं, पुढच्या डब्याचं, भरपूर जोरात. पासवर्ड तिला पाठ आहे. एकदा बोट लावलं की काम चालू. मी तिला तसं सुचवलंही.

ती तसं करत नाही. हेडफोन काढून ठेवते, उठते आणि मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. समोरच्या भिंतीवर दगडूचा डबा आहे, त्याच्यावर एक बारकासा हिरवा दिवा. कधी लवकर लागतो, कधी बराच वेळ पेटतच नाही. ती गजांना धरून उभी असते. चेहऱ्यावर काही नसतं, मी नीट निरखून बघितलंय, आणि निरखण्यात माझा हात धरणारं चाळीत कोणी नाही.

दिवा लागतो. ती परत येऊन बसते, हेडफोन लावते, आणि जिथे सोडलं होतं तिथून कुणाचा तरी मणका पुढे टाइप करायला लागते.